नायक का गेला? ‘बॅबिलॉन ५’चे चाहते, त्यांच्यात बसलेला लेखक आणि एकोणीस वर्षे राखलेले गुपित

नोव्हेंबर १९९४ चा पहिला आठवडा. अमेरिकेत ‘बॅबिलॉन ५’ या विज्ञानकथा-मालिकेचे दुसरे पर्व सुरू झाले आणि प्रेक्षकांना पडद्यावर एक अनोळखी चेहरा दिसला. अंतराळस्थानकाचा नवा प्रमुख, कॅप्टन जॉन शेरिडन. ज्याच्याभोवती पहिल्या पर्वाचे बावीस भाग विणले गेले होते तो कमांडर जेफ्री सिंक्लेअर कुठेच नव्हता. त्याला परग्रहावर राजदूत म्हणून धाडले आहे, एवढे संवादातून कळले. निरोपाचा प्रसंग नाही, जाण्यापूर्वीचे चार शब्द नाहीत.

दूरचित्रवाणीवर नट बदलणे ही काही नवलाई नव्हती. येथे मात्र प्रश्न वेगळा होता. या मालिकेची कथा पाच वर्षांसाठी आधीच आखलेली आहे, असे तिचा निर्माता पहिल्यापासून सांगत आला होता. मग नायकाचे जाणे हा त्या आराखड्याचाच भाग होता, की आराखडा मोडला होता? ही कलाटणी होती, की अपघात?

या प्रश्नावर चाहत्यांनी घातलेला वाद हे इंटरनेटच्या बाल्यावस्थेतील एक विलक्षण प्रकरण आहे. कारण ज्याला खरे उत्तर ठाऊक होते तो माणूस त्याच चर्चेत रोज हजर होता.

आधी मालिकेविषयी. ‘बॅबिलॉन ५’चा प्रारंभिक चित्रपट २२ फेब्रुवारी १९९३ रोजी दाखवला गेला, मालिका २६ जानेवारी १९९४ रोजी सुरू झाली आणि २५ नोव्हेंबर १९९८ रोजी संपली. एकूण ११० भाग. निर्माता जे. मायकेल स्ट्राझिन्स्की याने त्यांपैकी ९२ भाग स्वतः लिहिले. तिसरे आणि चौथे पर्व तर संपूर्ण त्याच्या एकट्याच्या हातचे. तेविसाव्या शतकातील पाच मैल लांबीचे एक अंतराळस्थानक, त्यावर अडीच लाख माणसे आणि परग्रहवासी, पाच सत्तांचे राजदूत, आणि क्षितिजावर जमू लागलेले युद्ध, असा तिचा पसारा.

त्या काळच्या अमेरिकन मालिकांत बहुधा प्रत्येक भाग स्वतंत्र असे. आठवडाभरात जे घडे ते पुढच्या आठवड्यात पुसले जाई. केंद्रांना हेच सोयीचे होते, कारण पुनःप्रक्षेपणात भाग कोणत्याही क्रमाने दाखवता येत. स्ट्राझिन्स्कीने याच्या नेमके उलट केले. आरंभ, मध्य आणि अंत असलेली दूरचित्रवाणीवरची कादंबरी त्याला हवी होती. पहिल्या वर्षी सहज उच्चारलेल्या वाक्याचा अर्थ तिसऱ्या वर्षी उलगडावा, ही त्याची रीत.

अशा रचनेत प्रेक्षकाची भूमिका बदलते. शेवट खरोखरच ठरलेला असेल, तर तो ओळखणे शक्य आहे. पुरावे पडद्यावर आहेत. वाचता यायला हवेत. पुढे काय होईल याचे कुतूहल सर्वच मालिकांना असते. पुढे जे होणार आहे त्याच्या खुणा मागे कुठे आहेत, हा शोध या चाहत्यांनी आपला छंद केला.

त्यांचा कट्टा होता युजनेट. १९७९-८० मध्ये अमेरिकेतील ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलिना या विद्यापीठांत जन्मलेली ही चर्चाव्यवस्था. तिला एक मध्यवर्ती मालक नव्हता. एका संगणकावर लिहिलेला संदेश शेजारच्या संगणकाकडे जाई, तेथून पुढच्याकडे, आणि काही तासांनी किंवा दिवसांनी जगभर पोहोचे. चित्र नाही, ध्वनी नाही, निव्वळ मजकूर. विद्यापीठातील विद्यार्थी, प्रयोगशाळांतील संशोधक आणि संगणक कंपन्यांतील अभियंते हा तिचा मुख्य वर्ग. म्हणजे विज्ञानकथेचा आयता वाचक. मराठी माणसेही या झाडाच्या एका फांदीवर बसलेली होती. ‘सोक.कल्चर.इंडियन.मराठी’ नावाचा गट त्याच युजनेटवर चाले आणि परदेशी गेलेली मंडळी तेथे रोमन लिपीत मराठी लिहीत. भारतात सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून. त्याआधी ते काही संशोधनसंस्था आणि आयआयटींपुरते होते.

स्ट्राझिन्स्की या जगात उपरा नव्हता. मालिका पडद्यावर येण्याच्या कितीतरी आधी, १९९१ पासूनच तो ‘जीनी’ या सशुल्क संगणकसेवेवर तिच्याविषयी लिहीत होता. पुढे ‘कॉम्प्युसर्व्ह’ आणि युजनेटवरही आला. पाच वर्षांत त्याने हजारो संदेश लिहिले. छायाचित्रण कसे झाले, वाहिनी काय म्हणते, अमुक दृश्यात ती वस्तू का होती, अशा प्रश्नांना तो थेट उत्तरे देई. डॉइलने १८९३ मध्ये होम्सला मारले तेव्हा वाचकांनी पत्रे धाडली; पण ती लेखकाच्या आणि प्रकाशकाच्या टपालात गेली. येथे पत्र आणि उत्तर दोन्ही चव्हाट्यावर होती, आणि कथा अजून लिहून व्हायची होती.

वाद कशावर झडत? सिंक्लेअरचेच कोडे घ्यावे. मालिकेच्या कथेत दहा वर्षांपूर्वी मिंबारी नावाच्या प्रगत जमातीने मानवांवर युद्ध लादले होते. पृथ्वीसमोरच्या अखेरच्या लढाईत मानव संपणार हे उघड झाले असता, विजयी मिंबारी अचानक शरण आले. का, ते कोणाला कळले नाही. सिंक्लेअर त्या लढाईत वैमानिक होता आणि त्याच्या स्मृतीतून नेमके ते चोवीस तास नाहीसे झाले होते. जिंकणारी सेना हरलेल्यांपुढे शस्त्रे का ठेवते? इतिहासाची गोडी असलेल्या कोणालाही हा प्रश्न सोडवत नाही.

त्यात ऑगस्ट १९९४ मध्ये एक भाग आला. चार वर्षांपूर्वी गायब झालेले ‘बॅबिलॉन ४’ हे स्थानक अकस्मात प्रकट होते. ते काळातून भरकटत असते. त्यावर निळ्या अंतराळपोशाखातील एक आकृती दिसते, जिला एक परग्रहवासी ‘तो एकमेव’ म्हणतो. अखेरीस शिरस्त्राण उतरते आणि आत असतो वृद्ध झालेला सिंक्लेअर. म्हणजे सिंक्लेअर केव्हातरी तेथे पोहोचणार आहे. केव्हा, कशासाठी, याचे तर्क लढवणे सुरू झाले. आणि तीन महिन्यांच्या आतच तो माणूस मालिकेतूनच बाहेर पडला. वादाला धार का आली हे यावरून ध्यानात यावे. नुसता नायक गेला नव्हता, कोड्याची किल्ली गेली होती.

अशा वादांची आचारसंहिता हळूहळू घडत गेली. मालिका एकाच वेळी देशभर दिसत नसे. ‘पीटेन’ या जाळ्यातली स्थानिक केंद्रे ती आपापल्या सोयीच्या दिवशी दाखवत. केंद्रांकडे उपग्रहावरून जाणारे चित्रण घरच्या मोठ्या तबकडीवर पकडणारे हौशी तर त्याही आधी भाग पाहून मोकळे होत. १९९५ मध्ये आणखी गंमत झाली. दुसऱ्या पर्वाचे अखेरचे काही भाग अमेरिकेत शरद ऋतूपर्यंत राखून ठेवले गेले आणि ब्रिटनच्या चॅनल ४ ने ते उन्हाळ्यातच दाखवले. अमेरिकन मालिकेचे रहस्य अमेरिकनांना इंग्रजांकडून कळू लागले. मग विषयाच्या ओळीत आधी इशारा देणे, पहिल्या पडद्याएवढी कोरी जागा सोडणे, किंवा इंग्रजी वर्णमालेतील प्रत्येक अक्षर तेरा घरे पुढे सरकवून मजकूर सांकेतिक करणे, या युजनेटवर आधीपासून असलेल्या युक्त्या येथे सर्रास वापरल्या जाऊ लागल्या. दुसऱ्याचा आनंद हिरावू नये म्हणून स्वतःचे लिखाण वाचण्यास अवघड करणे, हा शिष्टाचार आजच्या समाजमाध्यमांत दुर्मीळ झाला आहे.

तथापि, खरा पेच सभ्यतेचा नव्हता. तो कायद्याचा होता.

हॉलिवूडमध्ये अनोळखी माणसाची कल्पना ऐकणे धोक्याचे मानले जाते. यामागे एक गाजलेला खटला आहे. १९४९ मध्ये व्हिक्टर डेस्नी नावाच्या लेखकाने दिग्दर्शक बिली वाइल्डरच्या कार्यालयात दूरध्वनी केला आणि १९२५ साली केंटकीतील गुहेत अडकून मेलेल्या फ्लॉइड कॉलिन्सवर चित्रपट काढण्याची कल्पना त्याच्या सचिवाला सांगितली. १९५१ मध्ये वाइल्डरचा चित्रपट आला. त्यात गुहेत अडकलेला माणूस होता. डेस्नी न्यायालयात गेला. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की नुसत्या कल्पनेवर कोणाची मालकी नसते हे खरे, पण मोबदल्याच्या अपेक्षेने सांगितलेली कल्पना समोरच्याने ते जाणून स्वीकारली आणि वापरली, तर अलिखित करार झाला असे ठरू शकते. तेव्हापासून न मागता आलेल्या कथांबाबत चित्रपटनिर्मिती संस्था विलक्षण सावध असतात. पाकिटे न उघडता परत जातात.

आता या निकालाच्या उजेडात स्ट्राझिन्स्कीची स्थिती पाहावी. तो रोज शेकडो चाहत्यांचे तर्क वाचत होता. त्यांतला एखादा त्याने आधीच लिहून ठेवलेल्या प्रसंगाशी जुळला, तर तो प्रसंग आपला आहे हे सिद्ध कसे करणार? म्हणून चाहत्यांना वारंवार बजावले गेले: तर्क करा, पण कथा सुचवू नका.

ही रेघ ओढणे बोलण्याइतके सोपे नव्हते. पडद्यावर दिसलेल्या खुणांवरून निष्कर्ष काढणे म्हणजे तर्क. मालिकेत नसलेला प्रसंग रचून तो कसा रंगेल हे सांगणे म्हणजे कथा. पण हाडाच्या चाहत्याच्या मनात या दोन्ही गोष्टी एकाच श्वासात येतात. ‘असे तर नसेल?’ या प्रश्नाचे ‘असे झाले तर?’ व्हायला कितीसा वेळ लागतो?

आणि एकदा ते झालेच. मालिकेतील भविष्यकाळात फाशीऐवजी एक शिक्षा आहे. खुन्याची स्मृती आणि व्यक्तित्व पुसून त्याला नवा, सेवाभावी माणूस बनवले जाते. आपण कोण होतो हे त्याला कधीच सांगितले जात नाही. एका चाहत्याने चर्चेत सहज लिहिले की अशा माणसाला स्वतःचा भूतकाळ कळला तर काय होईल. त्याला कल्पना नव्हती की स्ट्राझिन्स्की याच विषयावरच्या भागाच्या मागे लागला होता. तो भाग बाजूला ठेवावा लागला. पुढे त्या चाहत्याला हे समजले, तेव्हा त्याने रीतसर साक्षांकित निवेदन लिहून दिले की आपला या कथेवर कोणताही दावा नाही. त्यानंतरच काम पुढे सरकले.

२७ नोव्हेंबर १९९५ रोजी अमेरिकेत तो भाग दिसला: ‘पासिंग थ्रू गेथसेमनी’. ब्रॅड डूरिफने रंगवलेला ब्रदर एडवर्ड हा शांत, हसतमुख ख्रिस्ती भिक्षू. येशूला अटक होण्यापूर्वी तो गेथसेमनीच्या बागेत होता, तेथून निघून जाणे त्याला शक्य होते, तरी तो थांबला. आपल्यात तेवढे धैर्य असेल का, हा एडवर्डला पडलेला प्रश्न. मग त्याला कळते की तो स्वतः कधीकाळी अनेकांचा खून करणारा नराधम होता, आणि बळींचे नातलग त्याला शोधत आले आहेत. तो पळत नाही. मालिकेतील उत्तम भागांत याची गणना होते. एका सद्हेतूच्या वाक्यामुळे तो कायमचा कपाटात राहिला असता, ही गोष्ट तेव्हाच्या चाहत्यांना बरीच बोचली.

याशिवाय साध्या भांडणांचा उपद्रव होताच. मूळ गटातील वैयक्तिक हल्ल्यांना कंटाळून स्ट्राझिन्स्की मध्यंतरी तेथून निघून गेला. १९९६ मध्ये चाहत्यांनी वेगळा, नियंत्रित गट उभारला, जेथे प्रत्येक संदेश प्रसिद्ध होण्याआधी तपासला जाई. चाळणी मुख्यतः दोन गोष्टींसाठी होती: शिवीगाळ आणि कथासूचना. चाहते लेखकाला चाहत्यांपासून वाचवू लागले होते.

या सगळ्या खटाटोपातून कलाटणीविषयी काय समजते? येथे लोंडो आणि जकार यांचे उदाहरण डावलता येत नाही. दोन शत्रू राष्ट्रांचे हे राजदूत. पहिल्याच भागात लोंडो सांगतो की त्याच्या जमातीतील काहींना स्वतःचा मृत्यू स्वप्नात दिसतो. त्याला दिसले आहे की वीस वर्षांनी तो आणि जकार एकमेकांचा गळा आवळून मरतील. म्हणजे शेवट जानेवारी १९९४ मध्येच सांगून टाकला. मे १९९६ मध्ये भविष्यातला तो क्षण प्रत्यक्ष दाखवला गेला, तेव्हा स्वप्नातला एक शब्दही खोटा ठरला नाही. फक्त तोवर ते दोघे मित्र झालेले होते. परक्या शक्तीच्या ताब्यात गेलेला वृद्ध सम्राट लोंडो स्वतःच जकारला विनवतो की मला संपव. आपल्याकडे कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला रावण मरणार हे ठाऊकच असते. बुवा तेथवर कसे नेतात हे ऐकायला तो येतो. येथे ‘काय’ न बदलता ‘का’ उलटवला होता. या कलाटणीला कोणी फसवणूक म्हणू शकले नाही.

‘वॉर विदाउट एंड’ नावाच्या त्याच जोडभागात सिंक्लेअर परतला. ‘बॅबिलॉन ४’ घेऊन तो हजार वर्षे मागे जातो, स्वतः मिंबारी रूप धारण करतो आणि त्या जमातीचा महापुरुष व्हॅलेन बनतो. मिंबारींनी शस्त्रे का ठेवली, हे आता उलगडले. पकडलेल्या वैमानिकाची त्यांनी तपासणी केली तेव्हा त्यांना त्याच्यात आपलाच व्हॅलेन सापडला होता. चोवीस तासांचे कोडे सुटले. ‘एकमेव’ही एक नव्हता, तिघे होते: सिंक्लेअर, मिंबारी राजदूत डेलेन आणि शेरिडन.

जोड इतका चपखल होता की हे सारे आरंभापासून असेच ठरले होते, असा समज पक्का झाला. तो खरा नाही. स्ट्राझिन्स्कीने आपला मूळ आराखडा पुढे पटकथांच्या संग्रहात प्रसिद्ध केला. त्यात सिंक्लेअरच अखेरपर्यंत नायक होता आणि ‘बॅबिलॉन ४’ भूतकाळातून भविष्याकडे आणले जाणार होते, मागे नेले जाणार नव्हते. कोणताही नट केव्हाही सोडून जाऊ शकतो, म्हणून प्रत्येक पात्रासाठी त्याने एक ‘चोरदरवाजा’ योजून ठेवला होता. नोव्हेंबर १९९४ मध्ये तोच उघडला होता.

पण का उघडला? तेव्हा स्ट्राझिन्स्कीने चाहत्यांना दोन गोष्टी सांगितल्या. नट मायकेल ओ’हेअर आणि निर्माते परस्परसंमतीने, सलोख्याने वेगळे झाले. आणि सिंक्लेअरची कथा मिंबारी युद्धाशी इतकी बांधलेली होती की येणाऱ्या नव्या युद्धासाठी वेगळा नायक हवा होता. दुसरे कारण साहित्यिकदृष्ट्या पटण्याजोगे होते. तरी अनेकांचे समाधान झाले नाही. नव्या भूमिकेत ब्रूस बॉक्सलाइटनर, म्हणजे १९८२ च्या ‘ट्रॉन’मुळे ओळखीचा चेहरा. वाहिनीला मोठे नाव हवे होते म्हणून ओ’हेअरला काढले, त्याचा अभिनय ताठर होता म्हणून काढले, असे तर्क वर्षानुवर्षे फिरत राहिले. जो माणूस काडीकाडीचे उत्तर देतो तो याच प्रश्नावर ठरावीक दोन वाक्यांपुढे जात नाही, हे चाणाक्ष चाहत्यांच्या नजरेतून कसे सुटावे?

ओ’हेअर २८ सप्टेंबर २०१२ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी वारला. मे २०१३ मध्ये फिनिक्स येथील चाहत्यांच्या संमेलनात स्ट्राझिन्स्कीने खरे कारण सांगितले.

पहिल्या पर्वाच्या चित्रीकरणादरम्यान ओ’हेअरला गंभीर मानसिक आजाराने गाठले होते. भ्रम आणि संशय वाढत चालले होते. काम करणे दिवसेंदिवस कठीण होत होते. त्याला उपचार घेता यावेत म्हणून चित्रीकरण काही महिने थांबवण्याची तयारी स्ट्राझिन्स्कीने दाखवली. ओ’हेअरने नकार दिला. थांबलेली मालिका पुन्हा उभी राहीलच याची खात्री नव्हती, आणि आपल्यामुळे इतरांची रोजी बुडावी हे त्याला नको होते. त्याने पर्व पुरे केले आणि मग तो बाजूला झाला. उपचारांनी थोडे बरे वाटल्यावर तो दुसऱ्या पर्वात एकदा ओझरता दिसला आणि ‘वॉर विदाउट एंड’मध्ये आपली कथा पुरी करण्यासाठी आला.

हे गुपित मी मरेपर्यंत राखीन, असे स्ट्राझिन्स्कीने त्याला सांगितले होते. ओ’हेअरने ती मुदत बदलून घेतली: तुझ्या नव्हे, माझ्या मृत्यूपर्यंत राख. त्यानंतर लोकांना कळू दे, म्हणजे अशाच आजाराशी झगडणाऱ्या कोणाला तरी त्याचा उपयोग होईल.

१९९४ मध्ये हे सांगितले असते तर वाद एका संदेशात मिटला असता. मानसिक आजाराचा शिक्का बसलेल्या नटाला त्यानंतर काम कोणी दिले असते, हा प्रश्न मात्र उरला असता. स्ट्राझिन्स्कीने आपल्यावर खोटेपणाचा आणि वाहिनीपुढे वाकल्याचा संशय एकोणीस वर्षे राहू दिला. ज्या चाहत्यांनी हजार वर्षांच्या काळप्रवासाचे दुवे पारखले, त्यांच्यासमोर या प्रश्नाचा एकही दुवा आला नव्हता. पडद्यावरचे पुरावे पडद्यामागच्या माणसाविषयी काही सांगत नाहीत.

त्या चर्चांचा मोठा भाग आजही शिल्लक आहे. युजनेटचा जुना संग्रह २००१ मध्ये गूगलने विकत घेतला. फेब्रुवारी २०२४ पासून तेथे युजनेटचे नवे संदेश येणे बंद झाले. जुने तेवढे वाचता येतात. नोव्हेंबर १९९४ मधील त्या ओळी, तारीख-वेळेसकट, जशाच्या तशा आहेत. सिंक्लेअर का गेला, असे विचारणाऱ्यांना आता त्या जागी उत्तर लिहिता येत नाही.